निरोप जातो, आवाज मागे राहतो

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री रामटेकात शोभायात्रा निघते, मंडळांच्या झाक्या गावातून फिरतात आणि पाठोपाठ त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा भरते. भाच्याच्या मंडळाने ‘मेघदूता’ची झाकी धरली होती. संगीत त्याला माझंच हवं होतं, १९९९ साली अशाच एका झाकीसाठी केलेलं, सात मिनिटांचं.

कपाटातून फ्लॉपी काढली. ती वाचणारं यंत्र तो नागपूरला सीताबर्डीत शोधून घेऊन आला होता. पंचवीस वर्षांनी फ्लॉपी वाचली गेली याचाच मला आनंद. फाइल ४६ किलोबाइटची, नऊ चॅनलची. त्याने ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, बासरीला आणि ढोलकीला नवे, खऱ्या वाद्यांवरून ध्वनिमुद्रित केलेले आवाज जोडले आणि सुरू केली.

ढोलकी छातीवर आदळू लागली. बासरी जवळजवळ नव्हतीच, मध्येच कुठे तरी किंचाळायची आणि पुन्हा बुडायची. मागे मंद हवे असलेले व्हायोलिनचे थर सगळ्यांच्या पुढे येऊन उभे. पहिला फेरा संपून दुसरा सुरू झाला तेव्हा ढोलकी सोडून सगळंच मुकं झालं.

“मामा, फाइल सडली वाटते,” तो म्हणाला.

मी पडद्यावर सुरांची यादी उघडून पाहिली. एकही सूर हरवला नव्हता. प्रत्येक सूर जिथे ठेवला होता तिथेच होता. हरवला होता तो आवाजाचा तोल, आणि तोल त्या फाइलमध्ये पूर्णपणे कधी नव्हताच. हे मला कळायला निम्मं आयुष्य गेलं होतं. माझ्या वडिलांना ते मिडी हा शब्द न ऐकताच ठाऊक होतं.

वडील दिवसा पानमळ्यात असत आणि रात्री भजनी मंडळात पेटी वाजवत. रामटेकची विड्याची पानं तेव्हा दूरदूर जात. वेलीची पानं खुडणारी बोटं संध्याकाळी पट्ट्यांवर फिरत, तेव्हा त्यांना हिरवट वास यायचा. त्यांच्याकडे एक वही होती. पदं, त्याखाली स्वर. लिहायची पद्धत भातखंड्यांची. त्या पद्धतीत कोमल-तीव्राला खुणा आहेत, सप्तकाला टिंबं आहेत, सम आणि खालीला चिन्हं आहेत. आवाज किती लावायचा, याला खूण नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना वहीतलं एक पद जसंच्या तसं वाजवून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सूर बरोबर हायेत. पण आवाज पेटीत राह्यते बाबू, वहीत नाही.”

पेटीची रचनाच हे शिकवते. अलेक्झांडर देबँ यांनी पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजवायचं रूप दिलं. भाता मागे गेला, डावा हात मोकळा होऊन भात्यावर आला. पट्टी तुम्ही जोरात आपटा की अलगद दाबा, आवाज फारसा बदलत नाही. उजव्या हातात सूर आणि डाव्या हातात आवाज, अशी कामाची वाटणी झाली. शिवाय समोर खटके असतात. एक ओढला की एक स्वरसंच बोलतो, दुसरा ओढला की आवाज भरतो. ढोलकीवाल्याचं गणित तिसरंच. त्याचा जोर प्रत्येक थापेत, थाप पडली की संपला.

खटका, भाता आणि थाप. आवाज कमी-जास्त करण्याच्या या तीन निराळ्या जागा. पुढे जे सांगायचं आहे ते या तिघांच्या घोळाबद्दलच आहे.

पेटीला आपल्याकडे सुखाने नांदू दिलं नाही. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप होते. आकाशवाणीवर १९४० साली तिला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ला, म्हणजे बंदीच्या ऐन काळात. रामटेकच्या देवळात रोज रात्री वाजणारं वाद्य नागपूरच्या रेडिओवर चालत नव्हतं. पण भजनी मंडळं, खडी गंमतीची लोकनाट्यं आणि नाटकं पेटीवाचून उभी राहत नव्हती. विदर्भात संगतकाराचा धंदा तगला तो या मंडळींच्या जोरावर.

मी तो धंदा शिकलो झाडीपट्टीत. वैनगंगेच्या पट्ट्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत, धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडळ्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. या रंगभूमीवरच्या कामासाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा वाजवणाऱ्यांनाही तो आपलाच मान वाटला. मी ऐन पंचविशीत तिथे दोन हंगाम ऑर्गनवाल्याचा मदतनीस होतो. आज एका गावच्या वावरात मांडव, उद्या दुसऱ्या. पदं तीच, वाजवणारे तेच, पण मांडव बदलला, भोंगे बदलले, गर्दी बदलली की कालचा तोल आज लागू नसायचा. पडदा उघडण्याआधी ऑर्गनवाला एकेकाला वाजवायला लावायचा. ढोलकी एकटी, मग ऑर्गन एकटा, मग दोघं, मग गाणारा. रोज. मला तेव्हा त्यात वेळ वाया जातोय असं वाटे.

त्याच सुमारास जगात दुसरीकडे एक करार झाला होता. प्रत्येक कंपनीचं विजेवरचं वाद्य आपापली भाषा बोले, एकाचं दुसऱ्याला कळत नसे. जपानमध्ये रोलँड ही कंपनी काढणारे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी इतर कंपन्यांना बरोबर घेऊन एक समाईक भाषा ठरवली. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडली गेली. एक वाजवलं की दुसरं बोललं. तीच मिडी. या कामासाठी त्या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

त्या तारेतून आवाज जातच नाही. जातात ते आकडे. सोळा चॅनल आणि बहुतेक गोष्टींना शून्य ते १२७ एवढीच मोजपट्टी. पट्टी किती जोरात दाबली, हेसुद्धा मिडी थेट मोजत नाही. पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला पट्टीला किती वेळ लागला, ते वाद्य मोजतं. म्हणून त्या आकड्याचं नाव व्हेलॉसिटी, वेग. हात किती वेगाने खाली आला, एवढा निरोप जातो. त्या वेगाचा आवाज किती करायचा, हे पलीकडचं वाद्य ठरवतं.

ही थाप झाली. खटक्याच्या जागी आला सात नंबरचा कंट्रोलर, आम्ही त्याला सीसी सेव्हन म्हणतो. चॅनलचा ढोबळ आवाज त्याने ठरतो. भात्याच्या जागी आला अकरा नंबर, एक्स्प्रेशन. सूर चालू असताना त्याला फुगवायचं आणि उतरवायचं काम त्याचं. ऑर्गनच्या पेडलवरूनच ही कल्पना आली. वडिलांच्या भजनी मंडळातल्या तिन्ही जागा मिडीत जशाच्या तशा आहेत, हे ध्यानात आलं त्या दिवसापासून मला ती भाषा परकी वाटली नाही.

नव्वदच्या दशकात नागपूरच्या ऑर्केस्ट्रांमध्ये कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आले. फ्लॉपीचा कीबोर्ड असणं म्हणजे हाताखाली सोळा माणसं असणं. मिडी फाइलचं सर्वांना चालणारं रूप १९८८ साली ठरलं होतं आणि १९९१मध्ये जनरल मिडी आली. कोणत्या क्रमांकावर कोणतं वाद्य, ते तिने ठरवलं. ७४वर बासरी, दहाव्या चॅनलवर तालवाद्यं, सुरुवातीला सीसी सेव्हन १०० आणि एक्स्प्रेशन १२७. त्या यादीत सतार होती, शहनाई होती, ढोलकी नव्हती. मी बोंगोच्या आवाजांवर ढोलकी बसवली. ते आवाज माझ्या कीबोर्डात मवाळ होते, म्हणून ढोलकीची प्रत्येक थाप ११० ते १२७च्या दरम्यान ठेवली. त्या वाद्यावर ती अगदी बेताची लागायची.

म्हणजे भाच्याच्या लॅपटॉपवर ढोलकी का आदळत होती, ते उघड होतं. नव्या ढोलकीत हलक्या, मधल्या आणि जोराच्या थापेची वेगवेगळी मुद्रणं होती. माझे सगळे आकडे जोराच्या थापेवर पडत होते. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, कितीही खाली ओढला तरी दुरून ऐकलेली जोराची थापच राहिली, हलकी झाली नाही. तिथे दुरुस्ती वेगाच्या आकड्यांतच करावी लागते. सरसकट ३५ वजा केले आणि समेच्या थापा तेवढ्या वर ठेवल्या. ढोलकी माणसात आली.

बासरीने जास्त वेळ घेतला. तिचा सात नंबर ठीक, अकरा ठीक, वेग ठीक, तरी आवाज नाही. मग एक नंबर पाहिला, मॉड्युलेशनचा. माझ्या जुन्या कीबोर्डात त्या चाकाने सुराला कंप यायचा. म्हणून मी तो शून्यावर ठेवून लांब सुरांच्या शेवटी तेवढा उचलला होता. आजकालच्या बऱ्याच वाद्यसंचांत तोच एक नंबर फुंकरीचा जोर ठरवतो. शून्य म्हणजे जेमतेम श्वास. जिथे मी कंप लिहिला होता नेमक्या तिथेच बासरी किंचाळत होती. आकडा तोच होता, त्याचा अर्थ मात्र पंचवीस वर्षांत फिरला होता. एक नंबरचे सगळे आकडे पुसून फुंकरीची रेघ नव्याने काढली.

व्हायोलिनचा दोष माझा. मी सुरुवातीच्या सगळ्या सूचना पहिल्याच क्षणावर कोंबल्या होत्या. आधी रिसेट, म्हणजे सगळं मूळ स्थितीवर आणणारी सूचना, मग सीसी सेव्हन ४५. एकाच क्षणावरच्या सूचना कोणत्या क्रमाने जातील, याची खात्री नसते. नव्या सॉफ्टवेअरने आधी ४५ पाठवला आणि मागून रिसेट. रिसेटने त्याला १००वर नेऊन ठेवलं. जनरल मिडीच्या शिफारशीप्रमाणे हिशेब केला तर १०० आणि ४५ यांच्यात सुमारे १४ डेसिबलचं अंतर पडतं, म्हणजे मागे बसलेला माणूस उठून माइकपाशी यावा एवढं. भाच्याने फेडर खाली घेतला होता, पण अंतऱ्याला फाइलमधली पुढची सूचना आली आणि फेडर आपोआप सरकला. त्याला वाटलं लॅपटॉप बिघडला. फाइल आपलं काम इमानाने करत होती.

दुसऱ्या फेऱ्याचं मुकेपण सगळ्यात साधं. शेवटी संगीत विरावं म्हणून मी एक्स्प्रेशन शून्यावर उतरवलं होतं. ढोलकीचं उतरवलं नव्हतं, म्हणून ती वाचली. पहिलं आवर्तन मोकळं होतं. जुन्या वाद्यांना रिसेटनंतर सावरायला वेळ लागे, म्हणून ते सोडायची आमची पद्धत. भाच्याला ते रिकामं दिसलं, त्याने लूप दुसऱ्या आवर्तनापासून लावला. त्यामुळे आवाज परत वर आणणाऱ्या सूचना दुसऱ्यांदा गेल्याच नाहीत. भाता रिकामा ठेवून पट्ट्या दाबाव्यात तसं झालं.

याशिवाय पावलोपावली दगा देणारी एक गोष्ट असते, वाद्यागणिक बदलणारी चढण. सीसी सेव्हन ६४ केला, तर शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरायला हवा. काही वाद्यं तो सहानेच उतरवतात. काही वाद्यसंच सात नंबर ऐकायचा की नाही, हे सेटिंगवर सोडतात. काही सॉफ्टवेअरमधला फेडर सात नंबरची सूचना पाठवतो, काहींमधला फेडर तयार झालेला आवाज वर-खाली करतो. दुसऱ्या प्रकारच्या फेडरवर रात्रभर बसून साधलेला तोल मिडी फाइलमध्ये उतरतच नाही. फाइल दुसऱ्याला दिली की तो घरीच राहतो.

त्या रात्री आम्ही काम केलं ते झाडीपट्टीतल्या ऑर्गनवाल्याच्या शिस्तीने. सगळे चॅनल बंद, एक सुरू. त्याचे सात, अकरा आणि एक नंबर यादीत वाचायचे. मग वेगाचे आकडे. मग पुढचा चॅनल. पहिल्या आवर्तनात सूचना ओळीने मांडल्या, थोडं थोडं अंतर ठेवून. आधी रिसेट, मग वाद्याचा क्रमांक, मग सात, मग अकरा. लूप त्या आवर्तनासकट लावला. शेवटी दोघं दोघं जुळवले, ढोलकी आणि बासरी, मग मागे व्हायोलिन. मला तेव्हा वाया वाटलेल्या मांडवातल्या त्या वेळात हेच चालायचं. भाच्याने सगळं पाहिलं आणि विचारलं, “मामा, एकदा नीट केलं का मग कुठंही चालंल ना?”

उत्तर द्यायला मला झाकीचाच विषय उपयोगी पडला.

वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आमचं रामटेक, असं साधार मांडलं. आमच्या टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे, १९९७ साली त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ गावात आलं. शाळेत आम्ही शिकलो ते यक्षाचा विरह आणि मेघाची वाट. पण ते काव्य संगतकाराच्या कानाने वाचलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. यक्ष मेघाला नुसता निरोप देत नाही. गर्जना कुठे किती करायची, तेही ठिकाणागणिक सांगतो. उज्जयिनीला महाकाळाच्या सांजपूजेत गरज, नगाऱ्याचं काम कर. पण त्याच नगरात रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेने वाट दाखव, गडगडाट करू नको, त्या भितील. देवगिरीवर स्कंदाच्या मोरासाठी गरज, तिथे डोंगर तुझा नाद धरून दुप्पट करील. आणि अलकेत माझी प्रिया झोपलेली असेल तर एक प्रहर गप्प बस, मग तिच्याशी धीम्या आवाजात बोल.

निरोप एकच, पण जागा बदलली की आवाज बदलतो. आणि डोंगर आवाज वाढवतो, हा हिशेबही त्याने धरला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी या टेकडीवरून निघालेल्या निरोपासोबत आवाजाच्या सूचना वेगळ्या गेल्या होत्या, कारण निरोपात आवाज मावत नाही हे पाठवणाऱ्याला माहीत होतं.

२०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली. थापेच्या वेगाला आता १२८ऐवजी ६५,५३६ पायऱ्या आहेत. निरोप फार बारकाईने लिहिता येईल, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तो पोचल्यावर कोणतं वाद्य, कोणत्या खोलीत, कोणत्या भोंग्यातून बोलेल, ते लिहिणाऱ्याच्या हातात आजही नाही. म्हणून मी आता कोणालाही नुसती मिडी फाइल देत नाही. सोबत तयार आवाजाची फाइल देतो, तोल कसा हवा ते ऐकून कळावं म्हणून. आणि एक कागद देतो. कोणत्या वाद्यावर बांधलं, एक नंबर कशासाठी वापरला, पहिलं आवर्तन का मोकळं आहे. माझ्या धंद्यातल्या तरुण मुलांना हात जोडून सांगणं आहे, हा कागद लिहा. तुमचं संगीत तुमच्या वाद्यापेक्षा जास्त जगणार आहे.

चतुर्दशीच्या रात्री झाकी निघाली. अरुंद गल्लीत आवाज भिंतींवर आपटून वाढला, तेव्हा भाच्याने मला न विचारता व्हायोलिन खाली घेतलं. पुढे मोकळ्या चौकात पुन्हा वर.

घरी आल्यावर मी वडिलांची वही काढली. किती वर्षांत उघडली नव्हती. पदं आणि स्वर मला पाठ होते, म्हणून समासाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात पदागणिक गावातल्या जागा लिहिल्या होत्या. एका पदापुढे ‘गडावर, मंडपात’ आणि त्याखाली ‘एक खटका’. त्याच पदापुढे दुसऱ्या ओळीत ‘अंबाळ्याचा घाट’ आणि त्याखाली ‘तिन्ही’. दगडी मंडप आवाज धरतो, तलावाच्या काठावर तो उडून जातो. आवाज वहीत राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी जागा लिहून ठेवली होती.

भाच्याच्या फाइलसोबतच्या कागदावर मी त्या रात्री एक ओळ वाढवली. गल्लीत व्हायोलिन ३८, चौकात ४५.